दहावं डुक्कर आणि दहावं मूल

आपल्याकडे व्यंगचित्रावरून कुठेही राडा झाला की चार दिवसांत एक ठरलेला लेख येतो. त्यात एक ठरलेलं वाक्य असतं. "अहो, इंग्लंडमध्ये अडीचशे वर्षांपूर्वी लोक पाद्र्यांची यथेच्छ टिंगल करत होते, आणि आपण अजून कुठे आहोत बघा!" सोबत बहुतेक वेळा एखादा गलेलठ्ठ पाद्री असतो, काखोटीला डुकराचं पिल्लू मारलेला. आपण बघतो, हसतो, मान डोलावतो आणि आपण मागासलेले आहोत याचं थोडं वाईट वाटून घेतो.

मला या वाक्याचा हल्ली फार कंटाळा आलाय. कंटाळा म्हणण्यापेक्षा राग म्हणा. ही चित्रं मला आवडतात, त्यामुळे राग जरा जास्तच. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर ती शेकड्यांनी बघायला मिळतात. डोरोथी जॉर्ज नावाच्या बाईंनी १९३५ ते १९५४ या काळात त्यांच्या सूचीचे सात जाडजूड खंड एकटीनं पुरे केले. एकेका चित्रात कोण आहे, कुणाला टोमणा आहे, हे त्यात तपशीलवार लिहिलेलं आहे. इतकी सोय असताना आपण चित्र नीट न बघताच त्याला हार घालतो, हे काही बरोबर नाही.

तर आधी ते डुक्कर.

टाइद म्हणजे दशमांश. शेतात जे पिकेल, गोठ्यात जे वाढेल, त्याचा दहावा हिस्सा गावच्या चर्चला द्यायचा. तुम्ही त्या चर्चमध्ये जाता की नाही, ते चर्च तुमच्या पंथाचं आहे की नाही, हा प्रश्न नव्हता. क्वेकर लोकांनी धर्माच्या कारणावरून टाइद द्यायला नकार दिला, तर त्यांची गुरं-भांडी उचलून नेली जात. धान्य, गवत, लाकूड यांचा हिस्सा 'मोठा' टाइद, तो रेक्टरचा. कोकरं, डुकराची पिल्लं, दूध, अंडी, मध, परसातली फळं हा 'लहान' टाइद, तो बहुधा व्हिकरचा. शेतात पेंढ्या बांधून झाल्या की दर दहावी पेंढी बाजूला काढून ठेवायची, आणि टाइदवाल्याचा माणूस ती गाडीत घालून नेणार. वरून हिस्सा एकूण उत्पन्नावर. बी, खत, मजुरी, खंड यांचा खर्च वजा करायची सोय नाही. म्हणजे एखाद्यानं स्वतःच्या खर्चानं पडीक जमीन सुधारली, चुना टाकला, पाण्याचा निचरा केला, तरी वाढलेल्या पिकातला दहावा भाग एक छदामही न घातलेल्या माणसाचा. अॅडम स्मिथनं १७७६ मध्ये याच मुद्द्यावर टाइदला झोडपलं होतं. शेती सुधारण्याच्या वाटेतली ही मोठी धोंड आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

बऱ्याच गावांत पुढे वस्तूंच्या जागी पैसे आले, तरी भांडण मिटलं नाही. ठरलेली रक्कम किती जुनी, नवीन पीक त्यात धरायचं की नाही, बटाट्याचं काय, बिअरसाठी लावलेल्या हॉप्सचं काय! गावागावांत यावरून कोर्टकज्जे चालू असत.

या सगळ्यातून चित्रकारांनी नेमकं काय उचललं? दहावं डुक्कर. १७५१ च्या सुमारास ब्वातार नावाच्या चित्रकाराचं एक चित्र छापून आलं आणि गाजलं. पाद्री डुकराचं पिल्लू न्यायला आलाय. शेतकऱ्याची बायको पुढे होते आणि हातातलं तान्हं मूल त्याच्यासमोर धरते. हे माझं दहावं. डुक्कर हवं तर हेही घेऊन जा, नाहीतर डुक्करही मिळणार नाही. पाद्री मागे सरतो.

विनोद अस्सल आहे, यात वाद नाही. 'जे जे वाढतं त्याचा दहावा भाग' हा कायद्याचा नियम ती बाई शब्दशः पाळायला निघते, आणि नियमच तोंडघशी पडतो. वकील लावून जे जमलं नसतं ते एका बाळंतिणीनं केलं. आपल्याकडच्या चावडीवरसुद्धा हा किस्सा रंगला असता.

लोकांना तो इतका आवडला की डर्बीच्या कारखान्यानं १७६० च्या दशकात त्याची चिनी मातीची रंगीत मूर्ती काढली: पाद्री, शेतकरी, मूल घेतलेली बायको, पायाशी डुकरं. पुढे स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी तिच्या स्वस्त नकला काढल्या. म्हणजे पाद्र्याच्या हावरटपणावरचा विनोद दिवाणखान्यातल्या शेकोटीवरच्या फळीवर, घड्याळाच्या शेजारी, शोभेची वस्तू म्हणून जाऊन बसला.

इथेच माझं डोकं ठणकायला लागतं. ज्या वस्तूनं कुणाचीतरी सत्ता हादरते, ती लोक फळीवर मांडून पाहुण्यांना दाखवतात का?

आता ही चित्रं विकत कोण घेत होतं ते बघू. अठराव्या शतकाच्या शेवटी साध्या छापील व्यंगचित्राला साधारण एक शिलिंग पडायचा, हातानं रंगवलेल्याला दोन. खेड्यातल्या शेतमजुराची दिवसाची मजुरी एक शिलिंगच्या आसपास होती. तो काही दिवसभर राबून पाद्र्याचं पोट विकत घेणार नव्हता. दुकानं लंडनच्या श्रीमंत वस्तीत. गिलरेची चित्रं विकणाऱ्या हॅना हम्फ्री बाई सेंट जेम्स स्ट्रीटवर, फोअर्स पिकॅडिलीत, विल्यम हॉलंड ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. फोअर्स तर चित्रांचे आल्बम संध्याकाळपुरते भाड्यानं द्यायचा, जेवणानंतर पाहुण्यांच्या करमणुकीला. दुकानाच्या काचेला नाक लावून रस्त्यावरचे लोक फुकटात बघायचे हे खरं. पण काचेत काय लावायचं हे ठरत होतं आत येऊन पाकीट उघडणाऱ्यांवरून.

आणि हे पाकीटवाले कोण? त्यातले बरेचसे जमीनदार, नाहीतर जमिनीच्या खंडावर जगणाऱ्या घरांतले. त्यांना टाइदचा राग होता, अगदी मनापासून होता. कारण साधं आहे. कुळाच्या खिशातून जे पाद्र्याला जातं ते खंड म्हणून आपल्याला मिळू शकलं असतं! 'आमचे गरीब बिचारे शेतकरी' म्हणून जे हसू फुटत होतं, त्यात हा हिशोब मुरलेला होता.

आता चित्रात कोण नाही ते मोजू.

पहिला गैरहजर माणूस म्हणजे बिनपाद्री टाइदवाला. आठव्या हेन्रीनं १५३६ ते १५४० मध्ये मठ बरखास्त केले, तेव्हा मठांकडचे टाइदचे हक्क राजाकडे आले आणि तिथून विकत, बक्षीस, वाटेल तसे सरदार-जमीनदारांकडे गेले. जॉर्जियन काळात हजारो पॅरिशमधला मोठा टाइद असा खाजगी मालकांच्या खिशात जात होता. ते प्रवचन देत नव्हते, बारसं करत नव्हते, मयताला उभे राहत नव्हते. हक्क वारशानं मिळायचा, हुंड्यात द्यायचा, बाजारात विकायचा. देवाच्या नावानं गोळा होणारा दहावा हिस्सा आणि देवाशी काडीचा संबंध नसलेला मालक! व्यंगचित्रकाराला यापेक्षा चांगला विषय कुठला हवा? मी जेवढी चित्रं पाहिली त्यांत हा माणूस मला कुठे सापडला नाही. काळा झगा घातलेला पाद्री मात्र पानोपानी.

दुसरा माणूस चित्रांत अधूनमधून येतो, पण केविलवाणा म्हणून. तो क्युरेट. एकेक पाद्री दोन-दोन, तीन-तीन पॅरिशचं उत्पन्न खायचा आणि प्रत्यक्ष काम करायला वर्षाला तीस-चाळीस पौंडांवर एक क्युरेट ठेवायचा. १८१० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या जवळपास निम्म्या पॅरिशमध्ये मुख्य पाद्री राहतच नव्हता. लठ्ठ पाद्री आणि त्याचे हडकुळे क्युरेट हा विषय १७३३ पासून चित्रांत दिसतो. रोलंडसननं १८१२ मध्ये ज्याला घराघरांत पोचवलं तो डॉक्टर सिंटॅक्स, तोही असाच फाटका क्युरेट. हे चांगलंच केलं. पण लठ्ठ विरुद्ध हडकुळा एवढ्यावर मांडणी थांबली, की वाटतं दोष भुकेचा आहे. एकाला जास्त भूक, दुसऱ्याला जेवायला नाही. त्या पॅरिशवर पाद्री नेमायचा हक्क कुणाचा, तो हक्क लिलावात विकला जातो, विकत घेणारा आपल्या धाकट्या मुलाची सोय लावतो, ही साखळी पोटाच्या चित्रात मावत नाही.

पाद्र्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मीही तेच करतोय असं होईल. नॉरफकमधल्या वेस्टन लाँगव्हिल गावचा पाद्री जेम्स वुडफर्ड यानं आयुष्यभर रोजनिशी लिहिली, ती १९२४ पासून पाच खंडांत छापली गेली. दर डिसेंबरला शेतकरी टाइदचे पैसे भरायला त्याच्या घरी येत, आणि तो त्यांना गोमांस, मटण, पुडिंग, पंच, बिअर अशी जंगी मेजवानी देई. कूपर या कवीनं १७७९ मध्ये एका पाद्री मित्रासाठी विनोदी कविता लिहिली, ती चक्क पाद्र्याच्या हालांवर आहे. टाइदच्या दिवशी शेतकरी घरात घुसून खातात-पितात, कुरकुरतात, आणि यजमान कधी एकदा जातात म्हणून घड्याळ बघतो. म्हणजे गावात पाद्री आणि शेतकरी एकमेकांना ओळखून होते, घासाघीस करत होते, एका टेबलावर बसत होते. लंडनच्या काचेतला राक्षस काही प्रत्येक गावात राहत नव्हता.

तिसरा गैरहजर माणूस सगळ्यात महत्त्वाचा. शेतमजूर.

डुकराच्या चित्रातला शेतकरी नीट बघा. अंगावर धड कोट आहे, घर आहे, डुकरीण व्यालेली आहे. हा जमीन कसणारा माणूस आहे, याच्याकडे दहावं काढायला आधीची नऊ आहेत. ज्याच्याकडे काहीच नाही तो चित्राबाहेर आहे. आणि त्याच्या बाबतीत त्या काळात जे घडत होतं ते डुकरापेक्षा फार मोठं होतं.

१७५० ते १८३० च्या दरम्यान पार्लमेंटनं सुमारे चार हजार कायदे करून गावोगावची मोकळी शेतं आणि गायरानं मोजली, वाटली, कुंपणात घातली. गायरानात गाय चारणं, सरपण गोळा करणं, कापणीनंतर शेतात जनावर सोडणं, यावर मजुराचा अर्धा संसार चालायचा. कागदावर हक्क दाखवता आला नाही की तो संपला. याच वाटपात बऱ्याच ठिकाणी टाइद कायमचा मिटवला गेला. कसा? टाइदवाल्याला जमीन देऊन. साधारणपणे नांगरटीच्या जमिनीचा पाचवा हिस्सा आणि कुरणाचा आठवा-नववा. पाचवा! दहाव्यावरून पाचव्यावर उडी, कारण टाइद खर्च न वजा करता मिळायचा, त्याची किंमत तेवढी धरली गेली. या एका व्यवहारात गावोगावचे पाद्री चांगले जमीनदार झाले. जमीनदार झाले म्हणून मॅजिस्ट्रेट झाले. १८३० च्या सुमारास इंग्लंडमधल्या दर चार मॅजिस्ट्रेटांमागे एक पाद्री होता. रविवारी प्रवचन देणारा माणूस सोमवारी सशाची शिकार केली म्हणून मजुराला तुरुंगात धाडत होता.

दहाव्या डुकराची मूर्ती ज्या वर्षांत घराघरांत फळीवर जात होती, त्याच वर्षांत गावाची जमीन नकाशावर इकडून तिकडे जात होती. डुक्कर दिसतं, ओरडतं, हसवतं. वाटपाचा दस्तऐवज दिसत नाही.

आणि ते दहावं मूल? या विनोदातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट तीच आहे. पाद्री मूल घेत नाही म्हणून आपण हसतो. पण गरिबाचं मूल खरोखरच घेतलं जात होतं. गरिबांच्या कायद्याखाली पॅरिशवर पडलेली पोरं उमेदवार म्हणून बांधून दिली जात. लंडनच्या पॅरिशांनी कोवळी पोरं गाड्या भरभरून उत्तरेकडच्या सूतगिरण्यांत पाठवली. त्यांचे हाल इतके वाढले की १८०२ मध्ये त्यांच्यासाठी कायदा करावा लागला. दहावं, चौथं, पहिलं, पॅरिशनं काही मोजत बसायची तसदी घेतली नाही. त्या पोरांची चिनी मातीची मूर्ती कुणी काढली नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, "अहो, एका विनोदावर किती ओझं टाकाल? चित्रकारानं हसवलं, त्याचं काम झालं." मान्य. ब्वातारकडे माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आपल्याशी आहे. आपण त्या विनोदाला शौर्यपदक देतो, आणि मग आपल्याकडेही तेवढंच झालं की पुरे असं समजतो.

शौर्य होतं, पण कुठे होतं ते बघायला हवं, आणि ते ओळखायची सोपी खूण आहे: सरकारनं कुणाला आत टाकलं? रिचर्ड न्यूटन नावाचा एक विलक्षण पोरगा होता, अवघ्या एकविसाव्या वर्षी १७९८ मध्ये गेला. त्यानं १७९३ मध्ये सरकारी उपासाच्या दिवशी टेबलावर ताव मारणारे पाद्री काढले, १७९५ मध्ये पाद्र्यांवर आख्खी बाराखडी काढली. जहाल चित्रं आहेत. ती प्रकाशित केली विल्यम हॉलंडनं. हा हॉलंड १७९३ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगात गेला. पाद्र्यांच्या ढेऱ्यांबद्दल? नाही. टॉमस पेनचं एक पत्रक विकलं म्हणून. ढेरी काचेत लावा, हरकत नाही. राज्य कुणाच्या हक्कानं चालतं हे विचारणारा कागद विकलात तर आत. सरकारला फरक बरोबर कळत होता. आपल्यालाच कळत नाही.

दुसरं उदाहरण विल्यम होनचं. यानं चर्चच्या प्रार्थनांच्या धाटणीवर मंत्र्यांची टिंगल करणारी पत्रकं काढली. डिसेंबर १८१७ मध्ये ओळीनं तीन दिवस त्याच्यावर तीन खटले चालले. आरोप ईशनिंदेचा! देवाला कुणी बोट लावलं नव्हतं, झोंबलं होतं मंत्र्यांना. होन स्वतःच उभा राहिला, तासन्तास बोलला, आणि तिन्ही वेळा ज्यूरीनं त्याला सोडलं. धर्म दुखावल्याच्या नावाखाली सत्तेचा राग काढायची युक्ती किती जुनी आहे, ते यावरून कळावं.

याच होननं १८१९ मध्ये, पीटरलूच्या हत्याकांडानंतर, जॉर्ज क्रुकशँकला हाताशी धरून एक शिलिंगची पुस्तिका काढली. १६ ऑगस्टला मँचेस्टरमध्ये मताधिकार मागायला जमलेल्या निःशस्त्र जमावावर घोडेस्वार घातले गेले होते, किमान १५ माणसं मेली. तो निर्णय घेणाऱ्या मॅजिस्ट्रेटांत पाद्री होते. त्यांतल्या विल्यम हे नावाच्या पाद्र्याला काही महिन्यांत रॉचडेलची गलेलठ्ठ उत्पन्नाची व्हिकरची जागा मिळाली. क्रुकशँकनं त्या पुस्तिकेत पाद्री-मॅजिस्ट्रेट काढलाय: एक धड, दोन तोंडं. एका बाजूला प्रवचन, दुसऱ्या बाजूला फाशीचा खांब आणि चाबूक. पोट नाही, डुक्कर नाही, नाक लाल नाही. तो किती खातो याच्याशी चित्रकाराला घेणंदेणंच नाही. देवाचा अधिकार आणि फासाची दोरी एका हातात का, एवढाच प्रश्न. त्या पुस्तिकेच्या पन्नासहून जास्त आवृत्त्या निघाल्या.

ब्वातार आणि क्रुकशँक दोघेही 'पाद्र्यांची टिंगल करणारे' या एकाच खणात आपण टाकतो, आणि तिथेच चुकतो. एक माणसाच्या खोडीवर हसतो, दुसरा व्यवस्थेच्या सांध्यावर बोट ठेवतो. खोडीवर हसलं की खोडकर माणूस बदलला की सगळं ठीक होईल असं वाटतं. बारीक, सज्जन, कमी खाणारा पाद्री आला तर टाइद चालेल का? डुकराच्या चित्राकडे या प्रश्नाला उत्तर नाही.

मग टाइद गेला कसा? हसून गेला नाही. १८३० च्या शरद-हिवाळ्यात दक्षिण इंग्लंडच्या शेतमजुरांनी मळणी यंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. केंट-ससेक्सकडे ते टाइद भरायच्या दिवशी जमावानं जाऊन पाद्र्याला म्हणत होते, टाइद कमी करा, म्हणजे शेतकऱ्याला आमची मजुरी वाढवता येईल. कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांचीच त्यांना फूस होती. चित्रातला तोच भला शेतकरी! पुढे खटले भरले तेव्हा १९ जणांना फाशी झाली आणि सुमारे ५०० जणांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. त्या यादीत मजूरच मजूर होते. टाइद कमी झाल्याचा फायदा ज्याला होणार होता, तो घरी जेवत होता.

आयर्लंडमध्ये तर कॅथलिक शेतकऱ्यांना प्रॉटेस्टंट चर्चचा टाइद भरावा लागत होता. तिथे १८३० च्या दशकात उघड लढाई झाली. १८३४ च्या डिसेंबरमध्ये राथकॉर्मकला एका विधवेकडची थकबाकी वसूल करायला सैन्य गेलं आणि डझनभर माणसं मारून आलं. या सगळ्या धगीनंतर १८३६ मध्ये इंग्लंडसाठी कायदा आला. पेंढ्या-पिल्लं बंद, त्याजागी गहू-बार्ली-ओटच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर ठरणारी रोख रक्कम. म्हणजे टाइद मेला नाही, नीटनेटका झाला. १९३० च्या दशकातही इंग्लंडच्या पूर्वेला शेतकरी जप्त्यांविरुद्ध उभे राहत होते. १९३६ मध्ये तो सरकारी हप्त्यांत बदलला, आणि ते हप्ते बंद झाले १९७७ मध्ये. दहाव्या डुकराच्या चित्रानंतर सव्वादोनशे वर्षांनी! हशाची ताकद सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता आपल्याकडे येतो, कारण एक धागा खरोखरच इथे येतो. ज्या टॉमस पेनपायी हॉलंड तुरुंगात गेला, त्याच पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक १८४७-४८ च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुल्यांनी वाचलं. १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. त्यात एक जोशी शेतकऱ्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. आणि १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तर जन्मापासून मरणापर्यंत कुठल्या निमित्तानं किती जातं, याचा पाढाच आहे. पण जोतीराव भटजीच्या पोटाशी थांबले नाहीत. कुलकर्णी कागद कसा करतो, कचेरीत काय होतं, गोरा अधिकारी कुणाच्या भरवशावर झोपतो, शेतकऱ्याकडून लोकल फंड घेऊन त्याच्या पोराला शाळा का मिळत नाही, हे सगळं एका दमात येतं. धर्माचा हिस्सा आणि सरकारचा हिस्सा एकाच चोपडीत मांडल्यावर वाचणाऱ्याला नुसतं हसून सुटता येत नाही. म्हणून तर ते पुस्तक अजून टोचतं.

आपल्याकडच्या बुवाबाजीवरच्या विनोदाचं मात्र पुन्हा डुक्करच झालंय. बुवा लठ्ठ, बुवा लंपट, बुवाची गाडी केवढी, बुवाचं घड्याळ कुठलं. आपण पोट धरून हसतो. बुवाच्या आश्रमाला जमीन कुणी दिली, कुठल्या ठरावानं, कुठल्या दरानं, ती आधी कुणाची होती, उद्घाटनाला कोण बसलं होतं, हे विचारायला हशातून उठावं लागतं. ते कंटाळवाणं काम आहे. त्यात कागद असतात.

भावना दुखावणाऱ्यांशी मला इथे फार बोलायचं नाही. एवढंच सांगतो, की टाइदवर हसणाऱ्यांत भरपूर आस्तिक माणसं होती, आणि त्या चित्रांनी देवाचं काही बिघडवलं नाही. माझं भांडण माझ्याच बाजूच्या लोकांशी आहे, जे हसले म्हणजे लढले असं समजतात. हसण्यावर बंदी नको, कुणाचीच नको. पण हसू फुकट मिळत असेल, सगळ्यांना चालत असेल, आणि ज्यांच्याकडे जमीन आहे ते आपल्यापेक्षा मोठ्यानं हसत असतील, तर आपण नक्की कुणाच्या विनोदावर हसतोय, हे एकदा तपासून बघायला हरकत नाही.